मकाराची मूठ

वेद कानाने शिकायचा असतो हे कोणीही सांगेल. परंतु शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेत तो हातानेही शिकावा लागतो. उजवा हात गाईच्या कानासारखा किंचित खोलगट धरायचा आणि स्वर जसा चढेल, उतरेल, तसा तो वर न्यायचा, खाली आणायचा, बाजूला वळवायचा. पदाच्या शेवटी एखादे व्यंजन येऊन थांबले, तर बोटांनीही थांबण्याची खूण करायची. मकार आला की मूठ मिटायची. पूर्ण, पाचही बोटांनी, ओठ मिटावेत तशी. हाताशिवाय म्हटलेला मंत्र पांगळा, अशी या शाखेची श्रद्धा आहे. आणि हे सारे पोथीतून येत नाही. शिष्य गुरूसमोर बसतो, गुरूच्या हाताकडे पाहत राहतो, आणि वर्षे लोटल्यावर एके दिवशी गुरूचाच हात शिष्याच्या खांद्यातून फुटतो.

पंचवटीत राहणारे नरहरशास्त्री गायधनी यांनी हा हात आबाशास्त्रींकडून घेतला होता. आबाशास्त्रींना जाऊन आता एक पिढी उलटली. त्यांचे इतर शिष्य कोणी नोकरीमागे परगावी गेले, कोणी देवाघरी गेले. तो हात ज्याने प्रत्यक्ष पाहिला असा नाशकात एक नरहरशास्त्रीच उरले होते. घरात आणि शेजारीपाजारी त्यांना सगळे नाना म्हणत. शाळेत संस्कृत शिकवण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. निवृत्तीच्या सुमारास त्यांनी घरी वेदपाठ सुरू केला, तेव्हा त्यांच्या तळहातांवर सोरायसिस अगोदरच येऊन बसला होता.

कोपरांवर, गुडघ्यांवर, पाठीवर चट्टे होतेच. पण ते वस्त्राखाली राहत. हाताला वस्त्र नसते. तळव्याची कातडी जाड झाली होती, तिचे चंदेरी पापुद्रे सुटत, आणि बोटे ताणली वा आवळली की ती रेषांच्या वाटेने चिरे. जिथे ज्योतिषी भविष्य वाचतात, तिथेच नानांच्या हाताला भेगा पडत. एका यजमानाने एकदा तीर्थ घेण्यासाठी पुढे केलेला हात नकळत मागे घेतला होता. हा रोग स्पर्शाने लागत नाही, हे नानांना ठाऊक होते. परंतु त्या दिवसापासून उपरण्याचे टोक उजव्या मनगटावरून तळव्यावर ओढून घेण्याची त्यांना सवय लागली.

उपाय सगळे झाले. मलमे झाली, एका वैद्यांचे काढे आणि पथ्ये झाली, निळसर प्रकाशाच्या पेटीत डोळ्यांना पट्टी बांधून उभे राहणे झाले. आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्यांनी काही काळ बरा गेला. मग यकृताने तक्रार केली आणि त्या गोळ्या थांबल्या. मार्गशीर्षातल्या एका सकाळी, गोदेवरचे धुके अजून रस्त्यावर रेंगाळत असताना, नानांची मुलगी आभा त्यांना स्कूटरवर बसवून गंगापूर रोडवरच्या दवाखान्यात घेऊन गेली.

त्वचारोगतज्ज्ञ डॉ. निकिता खैरनार यांनी नानांचे दोन्ही तळवे आपल्या हातांत घेऊन उजेडाकडे फिरवले. त्या हातमोजे घालत नसत, हे नानांना त्यांच्याविषयी फार आवडे.

"काका, आता बायोलॉजिकचा विचार करू या," त्या म्हणाल्या. "शरीराचं रक्षण करणारी यंत्रणा तुमच्याच कातडीला शत्रू समजून बसली आहे. आत एक निरोप्या आहे, तो सारखा निरोप देत सुटलाय, कातडी बनवा, अजून बनवा. हे इंजेक्शन त्या निरोप्यालाच गाठतं."

"दूताला मारू नये असा आपल्याकडे संकेत आहे," नाना म्हणाले.

"मारत नाही काका. नुसतं धरून ठेवतं."

"आणि हे औषध करतात कशापासून?"

निकिताबाईंनी क्षणभर आभाकडे पाहिले. मग सरळ सांगितले, "जिवंत पेशींकडून करवून घेतात. या औषधाच्या पेशी मूळच्या हॅमस्टरच्या. उंदरासारखा छोटा प्राणी असतो. पण त्या पेशींची पैदास प्रयोगशाळेत कित्येक वर्षं चालत आली आहे. आता त्यासाठी कोणताही जीव मारत नाहीत. शेवटी गाळून शुद्ध केलेलं प्रथिन तेवढं सुईत येतं."

आभाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "नाना, गणपतीचं वाहन आहे म्हणा. तुम्ही इतकी वर्षं चतुर्थीला मोदक ठेवताय, त्याने उलट भेट पाठवली."

"वाहनाला भेट मागायची नसते," नाना म्हणाले, पण हसले.

डॉक्टरांनी पुढचे काही लपवले नाही. हे औषध रोग मुळापासून काढत नाही, आवरून धरते. सोडले तर तो बहुधा परत येतो, म्हणून दीर्घकाळ चालू ठेवावे लागते. संसर्गाकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. सुरू करण्याआधी रक्त तपासायचे, छातीचा फोटो काढायचा, शरीरात क्षयाचा जंतू निजलेला नाही ना, हे पाहायचे. "आणि तळहात हट्टी असतात," त्या म्हणाल्या. "पाठ आधी निवळेल, हात मागून. कदाचित पूर्ण निवळणारही नाहीत. घाई नाही. घरी बोला, मग सांगा."

बाहेर बाकावर विंचूरचे कांद्याचे व्यापारी खंडेराव बसले होते. मागच्या खेपेस त्यांची ओळख झाली होती. त्यांनी सदऱ्याची बाही वर सारून आपला दंड नानांपुढे धरला.

"बघा शास्त्रीबुवा. आधी कसा झाडाच्या सालीवानी होता. आता लेकराची कातडी."

"छान झालं की."

"झालं. पण मधी मी शहाणपणा केला. म्हटलं, बरं वाटतंय, कशाला टोचून घ्या? दोन खेपा चुकवल्या. आलं ना राव परत, सासुरवाडीच्या पाव्हण्यावानी. ते काय सांगून येत नाय आन् लवकर जात बी नाय." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आमची मंडळी म्हणती, मला त्या औषधापेक्षा पाव्हणा बरा, तुम्ही आजारी असले म्हंजे गपचीप बसता."

नाना हसत हसत स्कूटरवर बसले खरे, परंतु घर येईपर्यंत त्यांचे मन पुन्हा आपल्या जुन्या जागी जाऊन बसले होते. ती जागा अशी की, देह आहे तेथे भोग आहे. भोग टाळून संपत नाही, भोगून संपतो. इतकी वर्षे आपण हा रोग घरातल्या एखाद्या अबोल नातलगासारखा सांभाळला; आता उतारवयात त्याच्या अंगावर परक्या जीवाच्या पेशींतून निघालेले सैन्य घालावे काय? आणि तेही जन्मभर? नानांच्या मनाच्या अगदी तळाशी आणखीही एक गोष्ट होती, जिच्याकडे ते सहसा वळून पाहत नसत. आपण सोसतो, कुरकुर करत नाही, याचे त्यांना गुप्त समाधान होते.

"माझं मी सोसतोय," संध्याकाळी दिवा लावताना ते पत्नीला म्हणाले. "यात कुणाचं काय जातं?"

इंदिराबाई तुळशीपाशी वात सारखी करत होत्या. "जातं कसं नाही? रोज सकाळी गादीवरचा कोंडा मी झटकते. तुमच्या प्रारब्धाचा निम्मा भाग माझ्या केरसुणीत येतो."

त्यानंतरच्या दिवसांत नानांना पहाटे एक स्वप्न पडू लागले. गोदेचा घाट असे, आणि पाणी दिसत नसे. पाण्याच्या जागी नुसते धुके वाहत असे. पलीकडच्या काठावर आबाशास्त्री बसलेले. त्यांचा चेहरा, त्यांची पगडी, त्यांचे आसन काहीच दिसत नसे, दिसे तो फक्त उजवा हात. धुक्यातून तो वर येई, जसे पाण्यातून कमळ येते. उदात्ताला उंचावे, अनुदात्ताला खाली विसावे. त्या हाताला वय नव्हते. नाना अलीकडे बसून ओठ न हलवता त्याच्याबरोबर म्हणत असत. पद संपत आलेले असे, मकार येणार असे, हात आता मिटणार असे. आणि नेमके त्या क्षणी धुके दाटून येई. मूठ दिसत नसे. नाना जागे होत, तेव्हा त्यांची स्वतःची बोटे पांघरुणावर अर्धवट वळलेली असत.

पौषातल्या एका रविवारी मयुरेश त्यांना न्यायला आला. मयुरेश पिंगळे हा त्यांचा सर्वांत निष्ठावंत शिष्य. बँकेत नोकरी करून त्याने नानांकडे बारा वर्षे पाठ घेतला होता, आणि आता देवळाली कॅम्पला आपल्या घराजवळच्या देवळाच्या सभामंडपात तो स्वतःच एक वर्ग चालवत असे. कोणी दुकानदार, कोणी निवृत्त सुभेदार, कोणी महाविद्यालयात शिकणारे. त्यांचा पहिला भाग पुरा झाला होता, आणि तो गुरुजींनी ऐकावा अशी मयुरेशची इच्छा होती.

सभामंडपाच्या जाळीतून उन्हाचे चौकोन जमिनीवर पडले होते. दूरवर तोफांच्या सरावाचा आवाज येत होता, इतका मंद की तो आवाज नसून एखाद्या मोठ्या प्राण्याचा श्वास असावा असे वाटे. मंडळी ओळीने बसली. मयुरेशने खूण केली आणि पाठ सुरू झाला.

नानांनी डोळे मिटून घेतले; शिष्यांचा पाठ ते नेहमी असाच ऐकत. स्वर शुद्ध होते. कुठे घाई नव्हती, कुठे तुटत नव्हते. त्यांचे मन निवले. आबाशास्त्रींचे ऋण थोडे फिटले, असे वाटले. मग त्यांनी डोळे उघडले. सगळे हात एकदम वर चालले होते, बगळ्यांची रांग तळ्यावरून उठावी तसे, आणि एकदम खाली येत होते. काय ते दृश्य. आणि मग पदाच्या शेवटी मकार आला.

एकही मूठ मिटली नाही.

सर्वांची अंगठ्याजवळची दोन बोटे वळली; अनामिका आणि करंगळी ताठ राहिली. सर्वांची, एकाच वेळी, एकाच कोनात. आणि नानांना आता आणखी दिसले. प्रत्येकाने उपरण्याचे टोक उजव्या मनगटावरून तळव्यावर ओढून घेतले होते. सुभेदारांनी, दुकानदाराने, त्या कोवळ्या, निरोगी, एकही ओरखडा नसलेल्या हाताच्या मुलानेही.

आपण झोपेत आहोत, असे नानांना वाटले. त्यांनी जमिनीवर बोट टेकवले. ती गार आणि खरी होती. पुन्हा मकार आला, पुन्हा दोन बोटे वळली आणि दोन ताठ राहिली. आपला रोग, जो आपण इतकी वर्षे झाकून ठेवला, तो या ओळीत सर्वांच्या हातांत उघडा बसला होता, आणि त्याला वेदना नव्हती.

पाठ संपल्यावर मंडळी प्रसादाच्या तयारीला उठली. मयुरेश नानांजवळ येऊन बसला. "गुरुजी, काही चुकलं का?"

"मकाराला मूठ का मिटत नाही?"

"मिटते की."

"दोन बोटं उघडी राहतात."

मयुरेशचा चेहरा उजळला. हा प्रश्न त्याला आवडता दिसला. "ती तर आपली खूण, गुरुजी. बाकीचे वेदपाठी सगळे पूर्ण मिटतात, मी पाहिलंय. मी यावर बराच विचार केला. मकार म्हणजे प्रणवाचा शेवटचा वर्ण, तिथे सगळं लय पावतं. पण लय म्हणजे नाश नव्हे. म्हणून वाट पूर्ण बंद करायची नाही, दोन बोटं मोकळी ठेवायची. वर्गाला मी हेच सांगतो. मागे बाहेरचे परीक्षक आले होते, त्यांनी गुण कापले. मी म्हटलं, खुशाल कापा. आमच्या गुरुजींचा हात हाच आमचा हात."

नाना त्याच्याकडे पाहतच राहिले. केवढे सुंदर स्पष्टीकरण होते. दुसऱ्या कोणाविषयी असते तर त्यांनी मान डोलवली असती.

"मयुरेश, ती परंपरा नव्हे," ते हळूच म्हणाले. "तो माझा रोग आहे. मूठ आवळली की माझा हात चिरतो, म्हणून मी आवळत नाही. आबाशास्त्री पूर्ण मिटत असत."

मयुरेशने हात जोडले. त्याच्या डोळ्यांत पाणी तरळले होते. "आपण असंच म्हणणार, गुरुजी. आपला विनय आम्हाला ठाऊक आहे."

"अरे, विनय कसला? बघ." नानांनी उपरणे बाजूला सारले आणि मूठ मिटायचा प्रयत्न केला. तर्जनी आली, मध्यमा आली. अनामिका अर्ध्यावर अडली. त्यांनी जोर केला तशी करंगळीच्या मुळाशी कातडी उलली आणि रक्ताचा एक थेंब रेषेतून वाहू लागला. मयुरेशने घाईघाईने स्वतःच्या उपरण्याने तो टिपला.

"नको गुरुजी. आमच्यासाठी इतका त्रास नको. आम्ही जे पाहिलं तेच करणार, एवढं पक्कं आहे."

तोंडाने सांगून उपयोग नव्हता, हे नानांना तेव्हा कळले. कानात पडलेला शब्द कानातून निघून जातो. बारा वर्षे डोळ्यांनी पाहिलेला हात निघत नाही. ते स्वतःच आबाशास्त्रींचे किती शब्द विसरले होते, हात मात्र एकदाही विसरले नव्हते. आणि तो हात आता त्यांच्या आठवणीपाशी येऊन थांबला होता. त्यांच्या मागे जे राहील ते आबाशास्त्रींचे नव्हे. एका आजारी म्हाताऱ्याचे आखडलेले दुःख, अर्थ लावून, पूजेला बसवलेले.

देवळालीहून ते रिक्षाने परतले. रिक्षाच्या बाहेरून झाडे, छावणीच्या भिंती, मैदानात खेळणारी मुले सरकत होती, आणि सगळ्यांचे हात नानांना दिसत होते. पिशवी धरलेले, घंटी वाजवणारे, मुठी आवळून धावणारे. माझे मी सोसतो, असे त्यांनी म्हटले होते. पण कोणी एकटा सोसत नाही, निदान ज्याच्यासमोर शिष्य बसतात तो नाही.

घरी येताच ते आभाला म्हणाले, "निकिताबाईंना सांग, मी तयार आहे."

इंदिराबाईंनी स्वयंपाकघरातून विचारले, "आणि गणपतीच्या वाहनाचं काय ठरलं?"

"त्याची क्षमा मागितली आहे," नाना म्हणाले.

तपासण्या झाल्या. छातीचा फोटो स्वच्छ आला. परंतु रक्ताने सांगितले की क्षयाचा जंतू शरीरात कुठेतरी निजलेला आहे. डॉक्टरांनी धीर दिला: हा आजार नव्हे, आपल्याकडे पुष्कळांच्या देहात तो असा निजतो, पण इंजेक्शनाने पहारा थोडा ढिला पडला की तो जागा होऊ शकतो. म्हणून आधी त्याच्यासाठी गोळ्या घ्यायच्या, निदान महिनाभर जाऊ द्यायचा, मगच पुढे.

"हा आला कुठून?" नानांनी विचारले.

"ते नेमकं कुणी सांगू शकत नाही, काका. कित्येक वर्षांपूर्वीचा असू शकतो."

नानांना मात्र एक खोली आठवली. आबाशास्त्रींचे अखेरचे दिवस. उशाशी तांब्या, कोपऱ्यात पिकदाणी, सतत येणारा खोकला, आणि पायाशी सतरंजी टाकून निजलेला तरुण नरहर. गुरू खोकता खोकता मध्येच एखादे पद म्हणत आणि त्यांचा हात अंथरुणावरून किंचित वर येई. हात ज्या श्वासातून आला, कदाचित हा जंतूही त्याच श्वासातून आला असेल. नानांना त्याचा राग आला नाही. परंतु गुरूकडून आलेले सगळेच जपायचे आणि पुढे द्यायचे नसते, काही आपल्यापाशीच संपवायचे असते, हे त्या गोळ्या पाण्याबरोबर गिळताना त्यांना फार शांतपणे उमगले. गोळ्यांनी लघवी केशरी होई, इंदिराबाई म्हणत, "संन्यास तिथूनच सुरू झाला म्हणायचा."

चैत्रात पहिले इंजेक्शन झाले. दवाखान्यातल्या परिचारिका सिंधुबाई फ्रीजमधून काढलेली सुई उबदार होईपर्यंत बाजूला ठेवून उभ्या होत्या.

"संकल्प करू का?" नानांनी विचारले.

"करा ना बाबा. पण पोट ढिलं सोडून करा."

नानांनी डोळे मिटले. मनातल्या मनात देशकालाचा उच्चार केला, गोदावरीचा दक्षिण तीर सांगितला, आणि पुढे काय म्हणावे ते सुचले नाही. रोगनाशासाठी म्हणावे, तर रोग नष्ट होणार नव्हता. शेवटी त्यांनी एवढेच म्हटले, की जे दाखवायचे राहिले ते दाखवता यावे. तोवर सिंधुबाईंनी सुई काढूनही घेतली होती.

पाठ आधी निवळली, मग कोपर. वैशाखात घसा दुखून ताप आला, तेव्हा डॉक्टरांनी एक खेप पुढे ढकलली, आणि नानांना खंडेरावांचा पाव्हणा आठवून धास्ती वाटली. पण तो आला नाही. तळहात खरोखरच हट्टी निघाले. आषाढ उजाडला तेव्हा कुठे पापुद्रे सुटायचे थांबले, आणि त्यांच्याखालून एक गुलाबी, पातळ, अनोळखी कातडी वर आली. एका कडेला अंगठ्याजवळ चट्टा राहिलाच. नाना सकाळी अर्घ्यासाठी ओंजळीत पाणी घेत, तेव्हा ते झोंबत नसे; आणि न झोंबणारे पाणी त्यांना इतके नवे वाटे की अर्घ्य सोडायला विलंब होई. ते हात तांब्यावरून फिरवत, पोथीच्या वेष्टणावरून, भिंतीवरून. एकदा इंदिराबाई तांदूळ निवडत असता नानांनी तो त्यांच्या मनगटावरून फिरवला.

"हे काय?" इंदिराबाई म्हणाल्या.

"काही नाही. आहे का ते बघत होतो."

"आहे हो. चाळीस वर्षं आहे इथेच."

या सगळ्या दिवसांत नानांनी मूठ मिटून पाहिली नव्हती, पाठ करताना तर नाहीच. ती त्यांनी राखून ठेवली होती. श्रावणी पौर्णिमेला जानवे बदलायचे, ऋषींचे पूजन करायचे आणि वेदाध्ययन पुन्हा आरंभायचे, असा नेम आहे. त्या दिवशी मयुरेश आपल्या सगळ्या मंडळींना घेऊन पंचवटीत आला. पूजा झाली, नवी जानवी झाली. खोलीत ओल्या दर्भाचा आणि तुपाचा वास भरला होता, आणि खिडकीतून पावसाळी, मऊ, राखाडी उजेड येत होता, ज्यात वस्तूंना सावल्या नसतात. नाना सर्वांसमोर बसले. त्यांनी उपरणे हातावरून काढून मांडीवर ठेवले. कितीतरी वर्षांनी तो तळवा उजेडात आला. सुभेदार पुढे वाकून पाहू लागले.

"आज नीट बघा," नाना म्हणाले. "आबाशास्त्रींचा हात दाखवतो."

त्यांनी पाठ आरंभला. हात उठला, हलका, वेदनेविना. खाली आला, बाजूला वळला. आपण तोच धुक्यातला हात पाहतो आहोत असे त्यांना वाटले, आणि तो आपल्याच खांद्याला आहे, हे कळून अंगावर काटा आला. पद संपत आले. मकार आला.

दोन बोटे वळली. दोन ताठ राहिली.

नाना थांबले. दुखले नव्हते. त्यांनी पद पुन्हा घेतले. पुन्हा तर्जनी आणि मध्यमा वळल्या आणि करंगळीच्या बाजूला हात आपोआप थबकला, जसे बैल सवयीच्या वळणावर थबकतात. तिसऱ्यांदाही तेच. मग मयुरेशचा कापरा, आनंदाने भरलेला आवाज आला.

"पाहिलंत का सगळ्यांनी? रोग गेला, तरी हात तोच राहिला. मी म्हणत नव्हतो?"

जन्मभर चालवायचे औषध, सगळे महिने, आणि त्यातून सिद्ध झाले ते नेमके उलट. क्षणभर नानांना वाटले, राहू द्यावे. किती श्रद्धेने पाहताहेत. सुंदर अर्थही लावला आहे. आपण गेल्यावर कोण विचारणार?

मग त्यांना हसू आले. ते आधी थोडे आले, मग आवरेना.

"मयुरेश, ती पूजेतली सुपारी दे रे."

मयुरेशने गोंधळून सुपारी त्यांच्या तळव्यावर ठेवली. नानांनी मूठ मिटली. पाचही बोटे सुपारीभोवती घट्ट बसली, करंगळीसुद्धा. त्यांनी मूठ सर्वांपुढून फिरवली, उघडली, पुन्हा मिटली.

"मिटते की नाही?"

"मिटते," सुभेदार म्हणाले.

"मग मकाराला का मिटली नाही? कारण कातडी बरी झाली, पण बोटांना अजून कोणी सांगितलेलं नाही. इतकी वर्षं भेगांनी यांना शिकवलं. भेगा फार कडक गुरू. आबाशास्त्रींपेक्षाही." नानांनी सुपारी खाली ठेवली. "तू याचा अर्थ लावलास, मयुरेश, तो माझ्या जन्मात मला सुचला नसता. पण जिथे नुसती वेदना होती तिथे तू लय पाहिलास. माझ्या हाताकडे बघून शिकलास, त्यात तुझा दोष नाही. झाकून ठेवला तो मी."

मयुरेशने आपला उजवा हात स्वतःसमोर धरला. त्याने मूठ मिटली. ती सहज, पूर्ण मिटली. मग त्याने ओठांतल्या ओठांत पद म्हटले, मकाराला आला, आणि त्याचीही दोन बोटे ताठ राहिली. त्याने ती दोन्ही बोटे बराच वेळ पाहिली, जणू ती दुसऱ्याची आहेत. त्याचा चेहरा उतरला, मग हळूहळू लहान मुलासारखा मोकळा झाला.

"आता काय करायचं, गुरुजी?"

"आज श्रावणी आहे. अध्ययनाचा आरंभ. मीही पहिल्या पाठापासून बसतो. तू माझ्याकडे बघ, मी तुझ्याकडे बघतो. ज्याची मूठ अर्धी राहील, त्याला दुसऱ्याने टोकायचं."

"मी तुम्हाला टोकू?"

"मग काय इंदिरा टोकणार?"

दारातून इंदिराबाई म्हणाल्या, "मी आयुष्यभर टोकतेच आहे. ऐकतंय कोण?"

नाना आसनावरून उठले आणि मयुरेशच्या समोर, त्याच्याच सतरंजीवर येऊन बसले. दोघांनी हात गाईच्या कानासारखे धरले. नानांनी पहिले पद अगदी सावकाश उचलले, नवीन विद्यार्थ्याला द्यावे तसे. स्वर चढला, उतरला, पदाच्या टोकाशी आला. मकार. नानांनी सगळे लक्ष बोटांत ओतले. तर्जनी वळली, मध्यमा वळली, आणि मग कष्टाने, जणू झोपेतून उठवल्यासारखी, अनामिकाही वळली.

मयुरेशने घसा साफ केला. मग तो जेमतेम ऐकू येईल इतक्या आवाजात म्हणाला, "गुरुजी, करंगळी."

नानांनी करंगळी मिटली, आणि पद पुन्हा पहिल्यापासून घेतले.